लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं

१० नोव्हेंबर १९९६, रविवार

आणि वर मलाच म्हणतो, तिकडं जाऊन तुला शिंगं फुटली. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच लेथसमोर उभं राहून कसली शिंगं फुटतात? दादाला पत्रात मी एवढंच कळवलं होतं, की मी गोष्टी लिहितो आणि एक पुरी झाली. त्याचं हे उत्तर. चार ओळी थंडीच्या, दोन म्हशीच्या, मग शिंगं, आणि शेवटी 'दिव्याखाली लिहीत जा, डोळे जप.' म्हणजे मी कुठं बसून लिहायचं तेसुद्धा तोच ठरवणार. सातवीत शाळेतून काढून गुऱ्हाळावर उभा केला तेव्हाही असंच. विचारायचं नाही, सांगायचं.

पत्र अर्थात अंगणवाडीच्या चंपाबाईंच्या अक्षरात. दादा तिसरी शिकलेला. तो सांगतो, त्या लिहितात. म्हणजे शिंगांचं चंपाबाईंनाही कळलं.

गोष्टीचं नाव 'चुलवाण'. गुऱ्हाळात रसाची कढई ज्या भट्टीवर चढवतात ते चुलवाण. दोन भाऊ आहेत. थोरला गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला ते ठरवणारा. तो धाकट्याला शाळेतून काढतो आणि त्याच्या वह्या चुलवाणात टाकतो. एवढीच गोष्ट, पण सव्वीस पानं झाली.

फत्तेसिंगाला वाचून दाखवली. तो माझ्या खोलीत राहतो, कागल भागातलाच, आणि माझ्यासारखाच इथं बेंगळूरला पीण्याच्या कारखान्यांत, फाउंड्रीत आहे. सगळी ऐकून म्हणाला, "भारी."

"काय भारी?"

"सगळंच."

"दोघांतला तुला कोण पटला?"

"कुठले दोघं?" म्हणाला. तो नखं काढत होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तक बदलायला मल्लेश्वरमला गेलो होतो. दारामागं एक कागद चिकटवलेला दिसला. 'मराठीत लिहिणाऱ्यांची बैठक. दुसरा व चौथा रविवार, सकाळी दहा. लिहिलेले बरोबर आणावे.' खाली पत्ता. मी तो तीनदा वाचला आणि पुस्तक न बदलताच परत आलो.

तिथं सगळे शिकलेले असणार. बूट घालून येणारे. मी सातवी, तीही पुरी नाही. पण फत्तेसिंगाचं 'भारी' आणखी किती दिवस ऐकायचं?

२४ नोव्हेंबर, रविवार

गेलो. गोष्ट पिशवीत होती, बाहेर काढली नाही.

मधुकरराव म्हणून आहेत, सरकारी कारखान्यात मोठे इंजिनियर, त्यांचं घर. दारात चपला बघितल्या, सगळ्या साध्याच होत्या, तेव्हा बरं वाटलं. त्यांच्या बायको अलकाताईंनी नाव विचारलं आणि आत घेतलं. उमाकांत नावाचा एक चष्मेवाला आहे, व्हाइटफील्डला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि कविता करतो. आणखी दोघंतिघं आहेत. आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत सकवारबाई. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, नाकात दोन्हीकडं चमक्या. मी बसल्याबरोबर मला म्हणाल्या, "ऊट झालं का रे?" अलकाताई म्हणाल्या, "जेवण झालं का विचारतायत."

मी त्यांना विचारलं, तुम्ही इकडं कधी आलात? म्हणाल्या, "आम्ही कुठं आलो? आम्ही हाय हितलेच. माझ्या आज्याच्या आज्यापास्नं. आला तू."

बैठकीचा नियम असा आहे. ज्याचं लिहिलेलं त्यानं ते वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. सगळे बोलून होईस्तवर लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. शेवटीसुद्धा खुलासा करायचा नाही. फक्त 'ऐकलं' एवढं म्हणायचं. मधुकरराव म्हणाले, "पुस्तक छापल्यावर तुम्ही काय घरोघर जाऊन समजावून सांगणार आहात का?"

उमाकांतची कविता अलकाताईंनी वाचली. त्याचे कान लाल झाले, पण तो गप्प बसला. शिकलेल्या माणसाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला ही बैठक आवडली.

८ डिसेंबर, रविवार

माझी गोष्ट अलकाताईंनी वाचली.

दुसऱ्याच्या तोंडातून आपलं वाक्य येताना कसं वाटतं ते लिहिता येत नाही. गुऱ्हाळ त्यांनी कधी बघितलेलं नसणार, पण काकवी म्हणताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं ते मला दिसलं. इथवर चांगलं.

मग सकवारबाईंकडं लक्ष गेलं. मांडीवर लहान वही, हातात पेन्सिल, आणि बाई लिहितायत. मान वर नाही. कानडी अक्षरं, लहान लहान ओळी, एकाखाली एक. वाचन सुरू व्हायच्या आधीच त्या अलकाताईंना म्हणाल्या होत्या, की जाताना आठव्या क्रॉस रस्त्यावर बाजारात जायचंय, घरात काही नाही. म्हणजे मी दोन वर्षं मनात वागवलेली गोष्ट चालली आहे आणि बाई भाजीची यादी करतायत. मध्ये एकदा पेन्सिल थांबली, खिडकीतून बाहेर बघितलं, परत सुरू. कोथिंबीर आठवली असेल.

मधुकररावांनी लाल पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या त्रेचाळीस चुका काढल्या. उमाकांत म्हणाला, "थोरला भाऊ हा सिस्टिमचं रूपक आहे." थोरला भाऊ हा थोरला भाऊ आहे. पण बोलायचं नव्हतं. अलकाताई म्हणाल्या, शेवट चांगला साधला. सगळे झाले, आणि सकवारबाई म्हणाल्या, "सगळं दिसलं बा. ते वह्या जाळल्यालं तेवढं नाही दिसलं."

दिसणार कसं, दोडक्यात लक्ष असल्यावर? मी 'ऐकलं' म्हणालो आणि उठलो. कागद सकवारबाईंनीच गोळा करून, नीट लावून हातात दिले. पोह्यांना थांबलो नाही.

११ डिसेंबर, बुधवार

अजून डोक्यातून जात नाही. आज लेथवर दोन बुश साइजपेक्षा कमी उतरले. सुपरवायझर म्हणाला, लक्ष कुठंय? मी म्हणालो, इथंच. तो म्हणाला, मग हे कुणी कातलं?

गोष्टीत तीच जागा सगळ्यात भारी आहे. तिच्यासाठीच गोष्ट लिहिली. ती दिसली नाही म्हणजे काय?

२२ डिसेंबर, रविवार

बैठक होती. गेलो नाही.

फत्तेसिंगाला बसवून तो नियम खोलीतच लावून बघितला. म्हणलं, तू वाच, मी ऐकतो, मग तू बोल, मी गप्प बसणार. त्यानं दीड पान वाचलं, बोट लावून. मग म्हणाला, "आता तू बोलायचं नाही ना?"

मी मान हलवली.

"मग ऐक. परवा पाणी भरायची पाळी तुझी होती. माझा साबण तू वापरतोस. आणि झोपेत दात खातोस." मग बराच वेळ आठवत बसला, आणखी काही सापडतंय का म्हणून.

मी 'ऐकलं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दादाचं पत्र आलंय. गुऱ्हाळ जोरात चालू आहे, दिवसाला तीन कढया उतरतात, आईचा गुडघा दुखतो. आणि, 'गोष्ट पाठव. चंपाबाई वाचतो म्हणाल्यात.' तपासायला मागतोय. कढईत बोट घालून बघायची सवय झालेला माणूस. पाठवणार नाही. टपालात गहाळ होईल. शिवाय नक्कल करायला वेळ नाही.

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

हे सविस्तर लिहितो.

सकाळी दहा वाजता लाइट गेली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत आली नाही. मशीन बंद. मी स्टोअरमध्ये गिरीराजजवळ जाऊन बसलो. तो स्टोअरकीपर, इथलाच मराठा, घरात सकवारबाईंसारखंच बोलतात. गोष्टीचे कागद पिशवीत तसेच पडले होते, पाठकोऱ्या बाजूवर नवीन काही लिहावं म्हणून काढले. मधून एक कागद सरकून खाली पडला. वहीतला, लहान, दोन्हीकडं पेन्सिलीनं कानडी लिहिलेला.

मी म्हणालो, "बघ रे, एका बाईची भाजीची यादी माझ्याकडं आली. वांगी किती सांगितल्यात?"

गिरीराजनं कागद घेतला. ओठ हलवले. मग माझ्याकडं बघितलं. "हे कन्नड नाही बा. अक्षर कन्नड. हे आपलं मराठी हाय." आणि अडखळत मोठ्यानं वाचायला लागला.

"थोरला काकवीचा थेंब पाण्यात टाकायचा आणि बोटांनी उचलायचा. त्या वेळी गुऱ्हाळावरची माणसं बोलायची थांबत."

मी म्हणालो, पुढं वाच.

"आईच्या लुगड्याला गुळाचा वास यायचा. सणाचं नवं नेसली तरी दुपारपर्यंत तोच वास."

माझी वाक्यं. एकाखाली एक, सतरा की अठरा. मला स्वतःला जी आवडतात त्यांतली बरीच नव्हती, आणि जी मी भरीला घातली होती ती होती. गिरीराज वाचत होता आणि मी एका खोक्यावर बसून होतो. मग तो थांबला. "हितं फुल्ली हाय. अर्धा कागद कोरा." उलटून बघितलं. "मग परत हाय. 'धाकटा बाहेर येऊन ओट्यावर बसला. त्याचे हात अजून गरम होते.' आणि खाली रेघ मारून काहीतरी विचारलंय."

"काय?"

"वह्या थोरल्यानं टाकल्या. मग धाकट्याचे हात का गरम?"

गिरीराज म्हणाला, "कोडं हाय का?"

लाइट आली. मी मशीनवर गेलो.

५ जानेवारी, रविवार

हे दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. वह्या दादानं टाकल्या नव्हत्या. मी टाकल्या.

चुलवाणात चिपाड घालायचं काम माझं होतं. शाळेतून काढून चौथा दिवस. दप्तर गुऱ्हाळावर घेऊन गेलो होतो, का ते आता सांगता येत नाही. दादा कढईजवळ उभा होता, त्याच्या नजरेसमोर मी एक एक वही चिपाडासारखी आत सारली. तो ओरडला नाही. फावड्यानं एक ओढून काढली, कडा जळलेली. ती पुढं कुठं गेली मला माहीत नाही. त्या दिवशी त्याची कढई पहिल्यांदा जास्त कढली, गूळ काळा पडला, मालक सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोलला. मला वाटलं, बरं झालं.

आमचे वडील, आबा, त्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. हेही मी गोष्टीत घातलं नाही.

हातांचं वाक्य कसं राहून गेलं कळत नाही. मी लिहिताना तिथं काही विचारच केला नव्हता.

१२ जानेवारी, रविवार

गेलो. अलकाताईंनी पोहे आधीच पुढं केले, म्हणाल्या, "हे खा, मग जायचं तर जा."

सकवारबाई म्हणाल्या, "काय रे, मागल्या येळेला आला नाहीस. कागद दिला होता तुला. वाचलास न्हवं?"

मी सांगितलं, मला कानडी वाचता येत नाही.

"अय्यो. मग बसचा बोर्ड कसा वाचतोस?"

"नंबर बघतो."

त्यांना खरंच वाटलं होतं, की बेंगळूरला राहतो म्हणजे कानडी येणारच. आणि मराठी बाई मराठी लिहील ते आपल्याच अक्षरात, असं मला वाटलं होतं. त्यांना देवनागरी येत नाही. म्हणाल्या, "तुमचं बाळबोध शिकवलं कुणी आम्हाला? मराठी तोंडात, अक्षर कन्नड. माझ्या आईचंबी तसंच." म्हणून त्या वाचत नाहीत, ऐकतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, देवळात हरिकथा ऐकून घरी आलं की सगळी परत सांगावी लागायची. सांगताना निम्मं विसरायचं, म्हणून लिहायची सवय लागली. जे डोळ्यासमोर दिसतं तेवढंच लिहितात. दिसलं नाही की कोरी जागा सोडतात.

मला राहवलं नाही, भाजीच्या यादीचं सांगून टाकलं. बाई एवढ्या हसल्या की चमक्या हलायला लागल्या. उमाकांतला हाक मारून म्हणाल्या, "ह्याला माझ्या वहीत वांगी दिसली." मग मला, "तुझी गोष्ट ऐकून बाजाराला गेले रे, आणि काय आणायचं तेच विसरले. नुसता गूळ घेऊन घरी."

निघताना त्यांनी विचारलं नाही, हात का गरम होते. मीही सांगितलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी घरी ये. इथं महिन्यातनं दोनदा, ते पुरत नाही."

१९ जानेवारी, रविवार

सकवारबाईंचं घर यशवंतपूरच्या बाजूला, खाली नातवाचं सायकलचं दुकान. मी नवीन लिहिलेली चार पानं वाचली, त्यांनी वहीत उतरून घेतलं. दोन ठिकाणी पेन्सिल थांबली. दुसऱ्या ठिकाणी मला स्वतःलाच कळलं, की मी तिथं शब्दांची आरास केली आहे. काढून टाकली.

मग म्हणाल्या, "आता माझं." मला माहीतच नव्हतं. बाईंनी चार वह्या भरून ठेवल्यात, सगळ्या कानडी अक्षरात, म्हणून बैठकीत कुणाला वाचता येत नाहीत आणि त्यांनी कधी पुढं केल्या नाहीत. त्या वाचत गेल्या, मी देवनागरीत लिहून घेतलं. त्यांच्या लग्नाची वरात, १९४० च्या आसपासची. घोडा आहे, वाजंत्री आहे, गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायका आहेत.

मला भीती वाटली, पण नियम तो नियम. म्हणालो, "सगळं दिसलं. त्यात तुम्ही कुठं आहात ते दिसलं नाही."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ऐकलं."

२६ जानेवारी, रविवार

लिहितोय. फत्तेसिंग म्हणतो, दात खायचं थांबलं.

९ फेब्रुवारी, रविवार

नवीन 'चुलवाण' आज उमाकांतनं वाचलं. त्याला वाचताना चष्मा पुसावा लागला. आता एकोणीस पानं आहेत. वह्या धाकटाच टाकतो. थोरला एक ओढून काढतो आणि तेवढ्यात गूळ करपतो.

संपल्यावर मधुकररावांनी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि मग परत उचलली. म्हणाले, "चुका एकतीस आहेत. त्या मी बघतो. पाडव्याच्या अंकाला ही द्या." अंक म्हणजे मंडळाचा, दर पाडव्याला छापतात, गावोगावच्या मंडळांना जातो. मधुकरराव संपादक. मजकूर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात छापखान्यात जाईल.

मला काय वाटलं ते लिहीत नाही.

सकवारबाई शेवटी बोलल्या. आज त्यांच्या वहीत कोरी जागा नव्हती, मला लांबून दिसत होतं. म्हणाल्या, "ती थोरल्यानं ऐकली का?"

अलकाताई म्हणाल्या, "अहो, थोरला गोष्टीतला आहे."

"असंल की. त्यानं ऐकली का?"

मला सांगायचं होतं, सगळं मनचं आहे, नावं बदलली आहेत. पण नियमाप्रमाणं एकच शब्द म्हणायचा असतो. तो म्हणालो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचं पत्र. 'गोष्ट पाठवली नाहीस. चंपाबाईंनी दोनदा विचारलं.' चंपाबाईंनी विचारलं म्हणे. त्यांना काय पडलीय?

पाठवली तर काय होईल ते मला दिसतं. चंपाबाई अंगणवाडीच्या पायरीवर बसून वाचणार, अख्खी गल्ली जमणार. काळ्या गुळाचं परत निघणार. दादा पोरासारखा सगळ्यांमध्ये बसून ऐकणार.

न पाठवता छापली तर? तिकडं कुणाला कळणार आहे? अंक आमच्या गावात येत नाही. उमाकांतला विचारलं, तो म्हणाला, लेखकाला स्वातंत्र्य असतं. ते असेल. पण मी पहिल्या वेळेला लिहिताना दादाच्या नावावर वह्या जाळल्या, तेव्हाही मला ते होतंच.

तो रागावेल याची भीती नाही, रागावण्याची सवय आहे. थेंब बोटांवर घेऊन तो कढईकडं न बघता नुसतं 'नाही' म्हणायचा, आणि परत जाळ लावावा लागायचा. माणसं त्याला का म्हणून विचारत नसत. ती भीती आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकवारबाईंना सांगितलं. सगळं. हात, वह्या, गूळ, आबा. त्यांनी हे लिहून घेतलं नाही.

म्हणाल्या, "टपालानं नको पाठवू. बोलावून घे त्याला."

मी म्हणालो, तो इतक्या लांब कधी आलेला नाही. हंगाम चालू आहे. आणि त्याला बैठकीतलं काय कळणार, तिसरी शिकलाय.

"मी कितवी शिकले?"

मग त्याच म्हणाल्या,

"त्याला म्हण, हंगाम सुटला की ये. माझ्या घरी राहील. तुमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसंल. मी वाचते त्याला, माझ्या वहीतनं. माझं मराठी त्याला ऐकायला मजा येईल. तू गप्प बसायचंस."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"मग सरी. छापू नको. परत लिही." सरी म्हणजे बरं, ठीक. हे इथलं रोजचं आहे, पण इतकं सोपं त्या कसं म्हणतात?

तसाच मधुकररावांकडं गेलो. म्हणालो, थोरल्या भावाला बोलावतोय, नऊ मार्चच्या बैठकीपर्यंत माझी पानं थांबवा, त्यानंतर हो की नाही सांगतो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. डायरीत लिहिलं आणि म्हणाले, "जागा ठेवतो. नाहीच झालं तर उमाकांतच्या कविता आहेत." आतून अलकाताई म्हणाल्या, "मग काही करून आणाच हो त्यांना."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सुपरवायझरकडून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन पीण्याच्या पोस्टात गेलो. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली संदेशाला बोटभर जागा असते. आजपर्यंत मी तिथं 'पैसे मिळाल्याचे कळवणे' एवढंच लिहीत आलो. आज तीन फॉर्म वाया घालवले. पहिल्यावर माफी मागत बसलो. दुसऱ्यावर गोष्टच सांगायला लागलो, जागा संपली. तिसऱ्यावर नुसतं 'दादा' लिहिलं आणि पेन थांबलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बेगा, बेगा." लवकर कर, एवढं कानडी आता मला कळतं.

चौथ्यावर लिहिलं, 'दादा, हंगाम सुटला की ये. नऊ मार्चला रविवारी बैठक आहे. गोष्ट इथं ऐक. वह्या मी टाकल्या असंच लिहिलंय. कशी झाली ते तू सांगायचं, मी बोलणार नाही.' चंपाबाई हे त्याला वाचून दाखवतील, दाखवू देत.

घरचे नेहमीचे चारशे, आणि त्याचं एसटीचं येण्याजाण्याचं भाडं, वाटेत जेवायला थोडे वर. सातशे साठ रुपये.